पायलटची झोप आणि आपला जीव

डिसेंबर २०२५ चा पहिला आठवडा. आमच्याकडे कापसाची वेचणी सुरू होती, हरभऱ्याला पाणी चालू होतं. माझा भाचा पुण्याहून गावी यायला निघाला होता, मामेबहिणीच्या साक्षगंधाला. पुण्याहून नागपूरपर्यंत विमान आणि पुढं गाडी. सकाळचं विमान दुपारवर गेलं, दुपारचं संध्याकाळवर, आणि रात्री नऊला रद्द झाल्याचा मेसेज आला. साक्षगंध त्यानं विमानतळावरच्या खुर्चीत बसून मोबाइलवर पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पारावर हाच विषय. पेपरात आलं होतं की पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, त्यामुळे पायलट कमी पडले आणि विमानं रद्द झाली. आमचे एक काका रात्रभर ओलित करून तिथंच आले होते. डोळे लाल. ते म्हणाले, "पायलटले झोप पाह्यजे म्हणून इमान बंद? आमी रातच्या लाइटीवर चार-चार रात्री पाणी देतो. आमाले कोन विचारते बाप्पा?"

काकांच्या या प्रश्नात सगळा विषय आहे. एका माणसाच्या झोपेचा कायदा का होतो, तो कोण करतं, आणि तो मोडला तर काय होतं, हे एकदा नीट समजून घेऊ.

नेमकं झालं काय

पायलटनं किती तास काम करायचं आणि मधे किती आराम घ्यायचा, याचे सरकारी नियम आहेत. त्यांना 'कामाच्या वेळेची मर्यादा' म्हणू. नवे नियम जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले होते. कंपन्यांनी वेळ मागितली, पायलटांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या, आणि शेवटी दोन टप्पे ठरले: १ जुलै २०२५ आणि १ नोव्हेंबर २०२५.

बदल मोजके आहेत. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास झाली. रात्र पूर्वी १२ ते ५ धरत, ती १२ ते ६ झाली. आणि सर्वांत मोठा बदल म्हणजे एका पायलटला रात्रीच्या वेळी सहापर्यंत लँडिंग करता येत होती, ती दोनवर आणली.

रात्रीची उड्डाणं जास्त असलेल्या कंपनीला यासाठी जास्त पायलट लागणार, हे उघड होतं. देशातल्या सर्वांत मोठ्या कंपनीनं, जिच्या विमानातून देशांतर्गत दर १० पैकी ६ हून अधिक प्रवासी जातात, तेवढी तयारी केली नाही. डिसेंबर उजाडताच वेळापत्रक कोसळलं. ५ डिसेंबरला एका दिवसात हजाराहून जास्त उड्डाणं रद्द झाली. मग सरकारनं त्या कंपनीला रात्रीच्या काही नियमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली.

लोक चिडले ते रद्द विमानांवर. मला जास्त खटकली ती सूट. पेरणी येणार हे जवळजवळ दोन वर्षं आधी माहीत असताना बियाणं न आणणाऱ्याला आपण गावात काय म्हणतो? आणि या ठिकाणी पेरणी चुकली तर पीक जात नाही, माणसं जातात.

थकवा म्हणजे आळस नव्हे

२२ मे २०१० ची पहाट. दुबईहून निघालेलं विमान मंगळूरला सहाच्या सुमाराला उतरत होतं. तिथली धावपट्टी डोंगरमाथा सपाट करून केलेली आहे, टोकाला दरी. विमान ठरलेल्या जागेच्या बरंच पुढं टेकलं, थांबलं नाही आणि दरीत गेलं. विमानात १६६ जण होते. १५८ गेले, ८ वाचले.

चौकशीत कॉकपिटमधला आवाज ऐकला गेला. प्रवासाचा बराच मोठा भाग कॅप्टन झोपलेले होते, घोरण्याचा हलका आवाजसुद्धा टिपला गेला होता. उतरायच्या आधी ते जागे झाले, पण त्यांची समज पूर्ण जागी झालेली नव्हती. सहवैमानिकानं तीनदा सांगितलं, उतरू नका, पुन्हा वर घ्या. कॅप्टननी ऐकलं नाही.

झोपेतून उठल्यावर काही वेळ मेंदू अर्धवट चालतो. डोळे उघडे असतात, हात काम करतात, पण अंदाज चुकतो. पहाटे दोन ते सहा या वेळात तर शरीर झोपच मागतं, मग माणूस कितीही कसलेला असो.

मी हे पारावर सांगितलं तेव्हा काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले की मागच्या साली ते धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसल्या-बसल्या झोपले. जाग आली तेव्हा पाणी शेजाऱ्याच्या तुरीत गेलं होतं. हातात फावडं होतं, बॅटरी होती, पण दांड कोणत्या बाजूला फोडायचा हेच त्यांना सुचेना. "आपल्याच वावरात उभा होतो, आन् घर कोनीकडं हाये ते समजे ना."

तेच. काकांच्या त्या दोन मिनिटांत पाणी शेजारच्या वावरात गेलं. पायलटच्या दोन मिनिटांमागे दीडशे-दोनशे माणसं पट्टे बांधून बसलेली असतात, आणि त्यांच्या हातात काहीच नसतं. म्हणून त्याच्या झोपेचा कायदा आहे.

काकांनाही झोपेचा हक्क असला पाहिजे, हे मी मनापासून म्हणतो. रात्रीच्या विजेवर ओलित करताना साप चावून माणसं जातात. पायलटच्या झोपेचा राग करण्यापेक्षा तोच नियम आपल्यालाही हवा, असं मागितलं पाहिजे.

नियम करणारे कोण, तपासणारे कोण

बातम्यांत चार-पाच नावं एकत्र येतात आणि सगळा गुंता होतो. बाजार समितीचं यार्ड डोळ्यांपुढं आणा, म्हणजे सोपं जाईल.

यार्डात माल घेणारा व्यापारी म्हणजे विमान कंपनी. यार्ड म्हणजे विमानतळ, तो सरकारी असेल किंवा खासगी. काटा बरोबर आहे का, परवाना आहे का, हे तपासणारा वजनमाप निरीक्षक म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय. याचं इंग्रजी आद्याक्षरांचं नाव डीजीसीए, तेच पुढं वापरतो. पायलटचा परवाना, विमान उडण्यालायक असल्याचा दाखला, कंपनीला धंदा करण्याची परवानगी, कामाच्या तासांचे नियम, सगळं डीजीसीएकडे. फाटकावर पिशव्या आणि माणसं तपासण्याचे नियम दुसरं कार्यालय करतं, आणि मोठ्या विमानतळांवर ती तपासणी औद्योगिक सुरक्षा दलाचे जवान करतात. यार्डाच्या आत गाड्या कुठून आणि कधी सोडायच्या, ते सांगणारा माणूस म्हणजे विमानांना रस्ता देणारा नियंत्रण कक्ष.

आणि यार्डात अपघात झालाच, तर चौकशी करायला वेगळाच माणूस येतो. तो विमान अपघात अन्वेषण ब्युरो, एएआयबी. हा २०१२ मध्ये स्थापन झाला. त्याआधी डीजीसीएचं चौकशीतही अंग असायचं. वजनमाप निरीक्षकानं स्वतःच्याच तपासणीतली चूक शोधायची, हे चालणारं नव्हतं.

या सगळ्यांच्या वर एक आंतरराष्ट्रीय संघटना आहे. दुसरं महायुद्ध चालू असतानाच, ७ डिसेंबर १९४४ ला, शिकागोत अनेक देशांनी एक करार केला. त्यातून आयकाओ ही संस्था झाली. आज तिचे १९३ सभासद देश आहेत. ती किमान दर्जा ठरवते, आणि प्रत्येक देश त्यावरून आपले नियम करतो. आपल्याकडे १९३४ चा जुना विमान कायदा होता. त्याच्या जागी १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम लागू झाला.

कापसाच्या गठाणी आणि एक विमान

आपल्या पट्ट्यात रस्त्यावर कापसानं भरलेला ट्रक नवा नाही. पण अशा एका ट्रकनं विमान पाडलं होतं, हे आमच्या गावात कुणालाच माहीत नव्हतं.

२६ एप्रिल १९९३. औरंगाबादहून, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरहून, मुंबईला जाणारं बोइंग उड्डाणासाठी धावलं. भर दुपारचं ऊन, विमान भरलेलं. ते उशिरा उचललं गेलं. धावपट्टीच्या टोकाबाहेरून बीडचा रस्ता जातो, त्यावरून दाबलेल्या कापसाच्या गठाणी भरलेला ट्रक चालला होता. विमानाची डावी चाकं आणि इंजिनाचा खालचा भाग ट्रकला धडकला. पुढं काही किलोमीटरवर विजेच्या तारा लागल्या आणि विमान पडलं. ११८ पैकी ५५ जण गेले.

चौकशीत दोन कारणं आली. पायलटांनी विमान उशिरा आणि चुकीच्या पद्धतीनं उचललं, हे एक. आणि विमानाच्या वेळेला त्या रस्त्यावरची वाहतूक विमानतळ सांभाळणाऱ्या सरकारी प्राधिकरणानं अडवली नाही, हे दुसरं. ट्रक ड्रायव्हर आपल्या रस्त्यानं चालला होता.

इथं एक गोष्ट लक्षात घ्या. अपघात सहसा एका चुकीनं होत नाही. उतारावरच्या वावरात चार धुरे घातलेले असतात. एका धुऱ्याला घुशीनं बीळ पाडलं तर पाणी तिथून निघतं, पण पुढचा धुरा ते अडवतो. चारही धुऱ्यांची बिळं एका ओळीत आली, तरच पाणी थेट नाल्याला जातं आणि माती घेऊन जातं. विमानाचे नियम म्हणजे असे एकामागे एक घातलेले धुरे. पायलटचं प्रशिक्षण हा एक, सहवैमानिकानं टोकणं हा दुसरा, यंत्राची धोक्याची सूचना तिसरा, रस्त्यावरचं फाटक चौथा. एखादा धुरा कशाला हवा, बाकीचे आहेत ना, असं ज्या दिवशी कुणी म्हणतं, त्या दिवशी खरा धोका सुरू होतो. रात्रीच्या लँडिंगच्या नियमातून सूट देणं म्हणजे एक धुरा फोडून ठेवणं आहे. पाऊस आला नाही तर काही होत नाही, एवढंच.

बहुतेक धुरे माणसं गेल्यावरच घातले गेले आहेत. १२ नोव्हेंबर १९९६ ला हरियाणात चरखी दादरीच्या वर दोन विमानं एकमेकांवर आदळली. एकाला १४ हजार फुटांवर राहायचं होतं, दुसऱ्याला १५ हजारांवर, आणि दुसरं खाली घसरलं. ३४९ माणसं गेली, एकही वाचलं नाही. त्यानंतर भारताच्या आकाशात येणाऱ्या मोठ्या विमानांना टक्कर टाळणारं यंत्र सक्तीचं झालं. समोरून विमान येत असेल तर ते यंत्र एका पायलटला 'वर जा' सांगतं आणि त्याच वेळी दुसऱ्याला 'खाली जा'.

दोषी शोधायचा की कारण शोधायचं

१२ जून २०२५ ला अहमदाबादहून लंडनला निघालेलं विमान मिनिटभरात वैद्यकीय महाविद्यालयाच्या वसतिगृहावर पडलं. विमानात २४२ जण होते, एक वाचला. जमिनीवरची १९ माणसं धरून २६० जीव गेले. जेवायला बसलेली डॉक्टर होणारी पोरं त्यांत होती.

पहिल्या दिवसापासून मोबाइलवर निकाल लागायला सुरुवात झाली. कुणी पायलटला फाशी दिली, कुणी बोइंगला. एएआयबीनं आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे महिनाभरात प्राथमिक अहवाल दिला. त्यात होतं की उड्डाणानंतर काही क्षणांत दोन्ही इंजिनांचं इंधन बंद करणाऱ्या कळा एका सेकंदाच्या अंतरानं 'चालू'वरून 'बंद'वर गेल्या. एक पायलट दुसऱ्याला विचारतो, तू का बंद केलंस, आणि दुसरा म्हणतो, मी नाही केलं. त्या अहवालानं कुणालाही दोषी ठरवलेलं नाही.

बऱ्याच लोकांना हे पटत नाही. दोषी सांगायचा नसेल तर चौकशी कशाला? पण विमान अपघाताच्या चौकशीचा हेतूच वेगळा असतो, तसा आंतरराष्ट्रीय नियमच आहे. शिक्षा द्यायला पोलीस आणि न्यायालय आहेत. अन्वेषण करणाऱ्यानं फक्त एवढं शोधायचं: हे का झालं, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलायचं. तुरुंगाची भीती घातली की माणूस लपवतो. लपवलं की बीळ तसंच राहतं.

आता आपल्याकडचं बघा. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, नागपूरहून पुण्याला निघालेली खासगी ट्रॅव्हल्स समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ उलटली आणि पेटली. २५ माणसं जळून गेली. विदर्भातल्या कितीतरी घरांतली पोरं तीच गाडी, तोच रस्ता धरून पुण्याला नोकरीला जातात, माझा भाचासुद्धा जायचा. त्या गाडीत आवाज टिपणारी पेटी नव्हती. ड्रायव्हरच्या विश्रांतीची नोंद दर आठवड्याला कुणी तपासत नव्हतं. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. रस्त्याला एएआयबीसारखी कायमची, कारण शोधणारी संस्था नाही. विमान सुरक्षित आहे ते आकाशात खड्डे नाहीत म्हणून नाही, तिथं प्रत्येक अपघाताचं कारण लिहून काढतात म्हणून.

बेलोऱ्याच्या काचेतून

अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून १६ एप्रिल २०२५ ला मुंबईची विमानसेवा सुरू झाली. नंतर माझ्या आत्याला तिच्या लेकीकडे मुंबईला जायचं होतं. आत्या साठी ओलांडलेली, पहिल्यांदाच विमानात बसणार. काचेतून विमान दिसलं आणि तिनं माझा हात धरला.

"हे तं पंख्याचं इमान हाये. जुनं हाये का रे?"

जुनं नाही. एटीआर जातीच्या विमानाला बाहेरून पंखा दिसतो, पण तो फिरवणारं इंजिन जेट विमानासारखंच असतं. कमी अंतराला आणि लहान धावपट्टीला हे विमान बरं पडतं, तेलही कमी खातं. त्याला दोन इंजिनं आहेत. धावताना एका ठरावीक वेगानंतर एक इंजिन बंद पडलं तरी उरलेल्या एकावर विमान वर चढून सुखरूप परत आलं पाहिजे, ही परवान्याचीच अट आहे.

आम्ही बघत उभे होतो तेव्हा पिवळं जाकीट घातलेला पायलट खाली उतरला. एक-एक चाक पाहत, पंख्याच्या पात्यांवरून नजर फिरवत, शेपटीखाली वाकून तो सबंध फेरी मारून आला. एका चाकाशी थांबून त्यानं टायरवर हात फिरवला. आत्या म्हणाली, "बैल जोताच्या आधी पाहतात तसं पाहून राह्यला." इतकं नेमकं वर्णन मला सुचलं नसतं.

त्या फेरीच्या मागे बरंच काही असतं. विमान दुरुस्त करणारा अभियंता डीजीसीएचा परवानाधारक असतो, आणि दुरुस्तीनंतर विमान उडायला योग्य आहे अशी सही त्याच्या नावानं होते. सही चुकीची निघाली तर परवाना त्याचाच जातो, कंपनीच्या मालकाचा नाही. पायलटची दर सहा महिन्यांनी नकली कॉकपिटमध्ये परीक्षा होते, तिथं इंजिन बंद पडणं, आग, वादळ सगळं दाखवतात. उड्डाणाच्या १२ तास आधीपासून दारू बंद, आणि श्वासाची तपासणी. पहिल्यांदा सापडला तर तीन महिने घरी, दुसऱ्यांदा तीन वर्षं, तिसऱ्यांदा परवाना कायमचा रद्द. इंधनही मुंबईपुरतं मोजून भरत नाहीत. मुंबईला उतरता आलं नाही तर दुसऱ्या विमानतळावर जाण्यापुरतं आणि त्यावर आणखी अर्धा तास घिरट्या घालण्यापुरतं घ्यावंच लागतं.

आत्याला मी एक गोष्ट सांगितली नाही, ती इथं सांगतो. काही बिघाड असतानाही विमान उडतं, आणि ते नियमात बसतं. कोणती वस्तू बंद असली तर चालेल, किती दिवस चालेल आणि त्या काळात काय काळजी घ्यायची, याची मंजूर यादी असते. वाचायचा दिवा बंद असेल तर विमान थांबत नाही. काही गोष्टी तीन दिवसांत दुरुस्त कराव्या लागतात, काही दहा दिवसांत. यादीत नसलेली आणि उड्डाणाला लागणारी वस्तू बिघडली तर विमान जागचं हलत नाही. "बिघडलेलं विमान उडवलं" अशी बातमी दिसली तर आधी पाहावं: बिघाड यादीतला होता का, आणि मुदत उलटून गेली होती का. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल, तर खरंच ओरडलं पाहिजे.

"सरकारी सही म्हणजे भरवसा काय?"

हा प्रश्न आमच्याकडे कोणत्याही लेखावर येणारच. बोगस बियाण्याच्या पिशवीवरसुद्धा छाप असतो, असं लोक म्हणतात, आणि ते अनुभवावरून म्हणतात.

तपासणाऱ्यालाही तपासणारे आहेत. जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेच्या विमान खात्यानं भारताच्या देखरेखीचा दर्जा एक पायरी खाली आणला, कारण डीजीसीएकडे पुरेसे प्रशिक्षित तपासनीस नव्हते. भारतीय कंपन्यांना अमेरिकेला नव्या फेऱ्या वाढवता येईनात. माणसं भरावी लागली, आणि एप्रिल २०१५ मध्ये दर्जा परत मिळाला. आयकाओच्या तपासणीत भारताला आधी ६९.९५ टक्के गुण होते, २०२२ मध्ये ते ८५.४९ झाले.

पण गुण वाढले म्हणून निश्चिंत व्हावं असं नाही. २०२५ मध्ये संसदेच्या समितीपुढं आलं की डीजीसीएची निम्म्याहून जास्त मंजूर पदं रिकामी आहेत. विमानं वाढत चालली आहेत, विमानतळ वाढत आहेत, आणि काटा तपासणारा माणूस अर्धा. एका तलाठ्याकडे पाच-सहा गावं दिली की काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. शिवाय एएआयबी डीजीसीएपासून वेगळी असली तरी दोघीही एकाच मंत्रालयाखाली आहेत. मला वाटतं चौकशी करणारी संस्था मंत्रालयाच्या बाहेर असावी, कारण कधीकधी चूक मंत्रालयाचीच असेल. कापसाच्या ट्रकची चौकशी आठवा: त्यातलं एक कारण सरकारी प्राधिकरणाकडेच बोट दाखवत होतं.

"नियम वाढले की तिकीट वाढणार ना?"

वाढेल. जास्त पायलट ठेवायचे म्हणजे जास्त पगार. हे लपवण्यात अर्थ नाही.

पण डिसेंबरमध्ये काय झालं ते पाहा. विमानं रद्द होताच उरलेल्या जागांचे भाव इतके चढले की सरकारला कमाल दर बांधून द्यावे लागले: ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, हजारपर्यंत १२,०००, दीड हजारपर्यंत १५,००० आणि त्यापुढं १८,०००. नियम पाळण्याचा खर्च वाचवला, आणि तो फिरून प्रवाशाच्याच डोक्यावर आला. एकाच व्यापाऱ्याच्या हाती यार्डातला बहुतेक माल गेला की असंच होतं. तो अडला की सगळं अडतं, आणि मग नियम करणाऱ्यालाच त्याच्यापुढं नमावं लागतं.

विमानात न बसणाऱ्यालाही लागू असलेले नियम

बेलोरा, गोंदियाजवळचं बिरसी, नागपूरचं सोनेगाव. या विमानतळांच्या आसपास खेडी आहेत, आणि तिथल्या लोकांना काही नियम थेट लागू होतात.

१९३७ च्या विमान नियमांत ९१ क्रमांकाचा नियम आहे. विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत पक्षी गोळा होतील असा कचरा, घाण उघड्यावर टाकायची नाही, जनावरं कापायची-सोलायची नाहीत. मेलेलं ढोर गावाबाहेर टाकलं की घारी येतात. उतरणाऱ्या विमानाच्या इंजिनात घार गेली तर इंजिनाची पाती तुटू शकतात. ग्रामपंचायतीला नोटीस आली म्हणून चिडू नये, ढोर पुरायला खोल खड्डा आणि त्यासाठी जागा मागावी. ती देणं प्रशासनाचं काम आहे.

दुसरं म्हणजे फवारणीचे ड्रोन. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर गेले, ते आपण विसरलो नाही. पाठीवर पंप नको म्हणून ड्रोन येत असेल तर चांगलंच आहे. पण ड्रोन हेही कायद्यानं विमानच आहे, आणि त्याचे नियमही केंद्र सरकारनंच केले आहेत. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे त्याला नोंदणी क्रमांक लागतो, आणि फवारणीच्या वजनदार ड्रोनला चालवणाऱ्याचं प्रमाणपत्रही. सरकारी नकाशात हिरवा भाग असेल तर ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत मात्र नियंत्रण कक्षाची परवानगी घ्यावीच लागते. भाड्यानं ड्रोन बोलावलात तर पोराला आधी दोन गोष्टी विचारा: प्रमाणपत्र दाखव, आणि आपलं वावर नकाशात कोणत्या रंगात आहे ते दाखव. दोन्ही त्याच्या मोबाइलमध्ये असायला हवं.

उशीर झाला तर मागायचं काय

भाच्यानं त्या रात्री काहीच मागितलं नाही, कारण मागता येतं हे त्याला माहीत नव्हतं. खिडकीवरच्या मुलीनं हात जोडले आणि तो परत खुर्चीत जाऊन बसला.

नियम असे आहेत. देशातल्या कमी वेळाच्या उड्डाणाला दोन तासांहून जास्त उशीर झाला तर चहा-नाश्ता कंपनीनं द्यायचा. सहा तासांहून जास्त उशीर होणार असेल तर दुसरं विमान किंवा पूर्ण पैसे परत, निवड तुमची. उशीर चोवीस तासांच्या वर गेला तर हॉटेल. रात्री आठ ते पहाटे तीनच्या दरम्यान सुटणारं विमान असेल तर सहा तासांच्या वरच्या उशिरालाही हॉटेल. चोवीस तासांच्या आत कळवून विमान रद्द केलं तर उड्डाणाच्या लांबीप्रमाणे ५,००० ते १०,००० रुपयांपर्यंत भरपाई. हवामान किंवा संप अशा कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाला भरपाई नाही, पण पैसे परत किंवा दुसरं विमान तेव्हाही मिळतं. कंपनीनं ऐकलं नाही तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार करता येते. तिकीट आणि मेसेजचा फोटो मात्र जपून ठेवा.

संक्रांतीला तो पुन्हा निघाला. संध्याकाळी फोन आला. "मामा, पायलटची ड्यूटी संपली म्हणतात, दुसरा येईस्तोवर दोन-अडीच तास लागतील." मी म्हटलं, येऊ दे दुसरा. तू जाऊन नाश्ता माग.

काका शेजारीच बसले होते. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि भाच्याला म्हणाले, "घाई नको करू रे बापू. त्याले झोपू दे."

मग बॅटरी उचलून ते वावराकडे निघाले. त्या रात्री लाइट बाराला येणार होती.